शंका मांडण्याची विद्या

अकरावीच्या विज्ञानशाखेतील मुलाला भौतिकशास्त्रातील एखादी कल्पना उमगली नाही, किंवा गणितातील एखादी पायरी कशावरून आली ते कळले नाही, तर पूर्वी तो गल्लीतल्या एखाद्या जाणत्या गृहस्थाकडे वही घेऊन जाई, मधल्या सुट्टीत अध्यापकांना गाठी, अथवा थोरल्या भावाची मनधरणी करी. आज तो मोबाईल उघडतो, उदाहरणाचे छायाचित्र काढतो आणि दूर कोठेतरी असलेल्या अनोळखी मदतनिसाकडे, मग तो मनुष्य असो वा यंत्र, ते पाठवून देतो. मिनिटाच्या आत उत्तर येते, ते वहीत उतरले जाते आणि पान उलटले जाते. ज्या गावात भौतिकशास्त्राचा एकही पदवीधर राहत नाही, ज्या घरात दहावीच्या पलीकडे कोणी गेलेले नाही, तेथील मुलाला रात्री अकरा वाजता कोणापुढेही हात न पसरता ही मदत मिळावी, ही शिक्षणाच्या इतिहासात मोठी घटना आहे, आणि तिच्याविषयी नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. आपल्या शाळांनी मुलांना उत्तरे लिहिण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले, पण आपल्याला नेमके काय कळलेले नाही ते शोधून काढून चार वाक्यांत मांडण्याचे शिक्षण कधीच दिले नाही. आणि ही उणीव, जोवर उत्तर दुर्मिळ होते तोवर झाकून राहिली असली, तरी आता उत्तर सुलभ झाल्यावर ती मुलांना फार महाग पडू लागली आहे.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीचा दाखला देतो. तिच्या पुस्तकातील उदाहरण साधे होते. चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला आणि गुरुत्वत्वरण १० मीटर प्रतिसेकंद वर्ग धरले, तर तो किती उंच जाईल आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल? छायाचित्र गेले, उत्तर आले: २ सेकंद, २० मीटर. सूत्रे बरोबर, आकडेमोड बरोबर, एककेही बरोबर. त्याच उदाहरणाचा पुढचा पोटप्रश्न होता, की सर्वोच्च बिंदूवर चेंडूचे त्वरण किती. आणि तेथे तिने स्वतःच्या बुद्धीने, कोणालाही न विचारता, शून्य असे लिहिले होते. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ताळा पाहिला तर तेथे १० मीटर प्रतिसेकंद वर्ग, दिशा खाली, असे छापलेले. तिने पुन्हा छायाचित्र पाठविले, पुन्हा उत्तर आले की त्वरण सर्व काळ १० असते, आणि तिने शून्य खोडून १० लिहिले. पण १० का, हे तिला पूर्वीइतकेच अज्ञात राहिले, आणि आपल्याला ते अज्ञात आहे याची जाणीवही जवळजवळ पुसली गेली.

मग तिला एवढेच सांगितले, की छायाचित्र न पाठविता तुझ्या मनात जे आहे ते मराठीत लिही आणि तेच विचार. बराच वेळ खर्चून तिने जे लिहिले त्याचा आशय असा होता: वर पोहोचल्यावर चेंडू क्षणभर थांबतो, थांबलेल्या वस्तूला त्वरण असेल कसे, आणि हाताने दिलेले बल वर जाता जाता संपत आले म्हणूनच तो थांबला ना? या तीन वाक्यांत दोन भिन्न गैरसमज उघड्यावर आले होते. एक असा, की वेग आणि वेगाच्या बदलाचा दर या दोन राशी तिच्या मनात एकमेकींत मिसळल्या होत्या. दुसरा त्याहून खोल असा, की हाताने लावलेले बल चेंडूत साठून राहते आणि हळूहळू खर्ची पडते, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. छायाचित्र पाठविले तेव्हा यातील एकही गोष्ट पलीकडच्याला दिसण्याचा संभव नव्हता. वैद्यासमोर रोग्याने आपला चेहरा न दाखविता शेजाऱ्याचे चित्र ठेवावे, तसाच तो प्रकार होता.

पलीकडच्या मार्गदर्शकाने या वेळी उत्तर दिले नाही, उलट विचारले: वेग शून्य आहे आणि तो बदलण्याचा दरही शून्य आहे असे मानले, तर चेंडूने खाली यायला सुरुवात कशाच्या जोरावर करावी? आणि हात चेंडूला शिवत नाही अशा वेळी हाताचे बल त्याच्यावर कोणत्या वाटेने पोहोचते? पहिल्या प्रश्नावर ती थोडी घुटमळली, आणि मग आपण होऊन म्हणाली, की तसे असते तर चेंडू तेथेच अधांतरी राहिला असता. दुसऱ्या प्रश्नाला तिला अधिक वेळ लागला, कारण तेथे पुस्तकाशी नव्हे तर लहानपणापासूनच्या अनुभवाशी झगडा होता. परंतु तो झगडा तिने स्वतः केला, आणि त्यानंतर लिफ्टमधील वजनाचे, दोरीला टांगलेल्या गोळ्याचे, उतरणीवरच्या ठोकळ्याचे प्रत्येक उदाहरण सोडविताना ती सर्वप्रथम हेच विचारू लागली, की या वस्तूला या क्षणी कोण कोण स्पर्श करीत आहे आणि स्पर्शावाचून तिच्यावर बल लावणारी पृथ्वीखेरीज दुसरी कोणती गोष्ट येथे आहे.

हा गैरसमज तिच्या एकटीचा नाही, आणि तो मंदबुद्धीचे लक्षण तर मुळीच नाही. अमेरिकेतील ॲरिझोना येथील डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल या संकल्पनेचे आकलन तपासणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत वर फेकलेल्या गोळ्याचा हाच प्रश्न आहे. आणि विद्यापीठात भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेले, आकडेमोडीची उदाहरणे सफाईने सोडविणारे विद्यार्थीदेखील तसल्या प्रश्नांवर अडखळतात, असा अनुभव पुढे अनेक देशांत आला. वस्तूच्या ठिकाणी गतीचा काही अंश साठविला जातो ही कल्पना आपल्याकडे वैशेषिकांनी वेग नामक संस्काराच्या रूपाने मांडली होती, आणि युरोपात चौदाव्या शतकात ज्यां ब्युरिदांसारख्या पंडिताने तिच्यावर गतीचा सिद्धांत उभारला. जी कल्पना दूर सारण्यास गॅलिलिओ आणि न्यूटन यांना आयुष्ये वेचावी लागली, ती सोळा वर्षांच्या मुलीच्या मनातून एका छापील उत्तराने निघून जाईल अशी अपेक्षा करणे हाच अन्याय होय. ती निघते ती शब्दांत उतरली म्हणजे. शब्दांत उतरल्यावाचून तिच्यावर कोणाचाच इलाज चालत नाही.

दूरस्थ मदतीचा जो प्रकार जगभर सर्वांत प्रसिद्ध झाला, त्याचा उगमही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २००४ साली बॉस्टन येथे अर्थव्यवहाराच्या क्षेत्रात नोकरी करणारा सलमान खान हा तरुण, न्यू ऑर्लिन्स येथे राहणाऱ्या नादिया नावाच्या आपल्या लहान नातलग मुलीला गणित शिकवू लागला. ती एककांच्या रूपांतरावर अडली होती. दूरध्वनीवर तिचे बोलणे ऐकत, संगणकाच्या पडद्यावर दोघांना दिसेल असे आकडे काढीत ही शिकवणी चालली. ती कोठे थबकते, कोठे अंदाजाने हो म्हणते, हे खान यांना कळत होते. पुढे इतर नातलगांची मुले आली, तेव्हा वेळेच्या सोयीसाठी २००६ मध्ये धड्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर ठेवल्या गेल्या, आणि त्यांतून खान अकादमी ही संस्था उभी राहिली. त्या चित्रफितींनी असंख्य मुलांचे भले केले यात शंका नाही. तथापि त्या प्रवासात एक गोष्ट मागे पडली: पलीकडच्या मुलीचे ऐकणारा कान. चित्रफीत उत्तम शिकविते, पण ती ऐकत नाही. जे नादियाला मिळाले ते कोट्यवधींना मिळाले नाही, आणि आता जी संवाद करणारी यंत्रे आली आहेत त्यांचे खरे मोल या हरवलेल्या गोष्टीच्या संदर्भात ठरावयाचे आहे. यंत्र आज ऐकू शकते. परंतु ऐकण्यासारखे काही विद्यार्थ्याने त्याला सांगितले पाहिजे.

या बाबतीत केवळ तर्कावर विसंबण्याचेही कारण उरलेले नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक विद्यालयात सुमारे १००० विद्यार्थ्यांवर गणिताच्या अभ्यासाचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष प्रत्येक मुख्याध्यापकाने डोळ्यांखालून घालावेत असे आहेत. काही मुलांना सरावाच्या वेळी साधे संवादयंत्र दिले. काहींना तेच यंत्र अशा रीतीने बांधून दिले की ते उत्तर न देता अध्यापकांनी ठरविलेल्या सूचनाच देईल. आणि काहींना पुस्तक व वही यांखेरीज काहीच दिले नाही. सरावात पहिल्या गटाची कामगिरी यंत्रहीन गटाच्या तुलनेत ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिल्या गटातील मुले, ज्यांनी यंत्र कधी पाहिलेच नव्हते अशा मुलांपेक्षाही १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाचे असे नुकसान झाले नाही. आणि सर्वांत विचारात घेण्याजोगी बाब ही, की आपले शिकणे उणावले आहे असे पहिल्या गटातील मुलांना स्वतःला वाटलेच नव्हते. सरावाच्या वहीत बरोबर उत्तरे भरलेली असताना तसे वाटावे तरी कसे? म्हणून मुलाच्या वहीवरून त्याच्या आकलनाचा अंदाज बांधणाऱ्या पालकांनी यापुढे फार सावध राहिले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, की मुले वर्गातच शंका का विचारीत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर मुलांपाशी मागण्यापूर्वी वर्गाची स्थिती पाहावी. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग म्हणजे पुष्कळदा शंभराच्या आसपास मुले. त्यांतील कित्येकांची हजेरी नावापुरती, कारण त्यांचा खरा अभ्यास शिकवणी-वर्गात चालतो. आणि शिकवणी-वर्गात डोळा असतो तो राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेवर, जीत भौतिक आणि रसायन या विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. ज्या परीक्षेत एका प्रश्नाच्या वाट्याला पूर्ण मिनिटही येत नाही, तिच्या तयारीत त्वरण शून्य का नाही असे विचारणारा मुलगा सर्वांचा वेळ खाणारा ठरतो. एकदा कोणी हसले, एकदा सरांनी हे तर नववीत झाले आहे असे म्हटले, की तो पुन्हा हात वर करीत नाही. यंत्रापुढे मात्र त्याला लाज वाटत नाही. मुलांचा ओढा यंत्राकडे का आहे याची कारणे शोधताना ते तत्पर आहे, फुकट आहे, असे आपण म्हणतो. ते हसत नाही, हे कारण माझ्या मते अधिक बलवत्तर आहे, आणि ते आपल्या अध्यापनपद्धतीवर ठेवलेला गंभीर ठपका आहे.

त्यात भाषेची अडचण मिळते. दहावीपर्यंत ज्याने वस्तुमान, त्वरण, संवेग, जडत्व या शब्दांनी विचार केला, त्याला अकरावीच्या पहिल्या दिवसापासून सारे इंग्रजीतून ऐकावे लागते. पारिभाषिक शब्द तो महिन्या-दोन महिन्यांत आत्मसात करतो. तेवढ्याने अडत नाही. अडते ते असे, की माझ्या समजुतीप्रमाणे असे व्हायला हवे होते पण पुस्तकात उलट दिले आहे, या धाटणीचे वाक्य, ज्यात जर-तर, परंतु, अन्यथा यांची गुंतागुंत असते, ते त्याला इंग्रजीत रचता येत नाही. मग तो एक्सप्लेन धिस सम एवढेच लिहून छायाचित्र जोडतो. म्हणजे ज्याला शंका सविस्तर मांडण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच तोंडून ती सर्वांत त्रोटक निघते. या मुलांना मला आग्रहाने सांगावयाचे आहे, की शंका मराठीत मांडा. संवादयंत्रांना आता मराठी पुष्कळ अंशी कळते. आणि ती त्यांना कळली नाही असे क्षणभर धरले, तरी मराठीत मांडण्याच्या खटाटोपात शंकेचे निम्मे निरसन आपोआप झालेले असेल. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानाने, ज्यांच्यापाशी पुढे डेक्कन कॉलेजात टिळक गणित शिकले, गणित आणि पदार्थविज्ञान मराठीत आणण्यासाठी श्रम घेतले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद ते काम आपल्या परीने चालवीत आली आहे. भाषा समर्थ आहे. बारावीपर्यंतच्या भौतिकशास्त्रातील मूलभूत गैरसमज एकेक घेऊन, मुलांच्याच तोंडची वाक्ये वापरून, त्यांचा मराठीत शांतपणे उलगडा करणारे साहित्य मात्र अद्याप फारच थोडे आहे, आणि निवृत्त अध्यापकांनी हाती घ्यावे असे याहून उपयुक्त कार्य मला तूर्त दिसत नाही.

दूर असलेल्या अनोळखी जाणकाराकडे मदत मागणे हा प्रकार इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले ते याच जातीचे होते. त्याआधी दोन इंग्रज गणितज्ञांकडून त्यांच्या पदरी निराशा आली होती. त्या पत्रात रामानुजन यांनी आपली परिस्थिती थोडक्यात सांगितली, विद्यापीठाचे शिक्षण आपल्याला लाभलेले नाही हे न लपविता लिहिले, आणि मग स्वतः काय काय केले आहे ते पानामागून पान भरून मांडले. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांना त्यांची योग्यता कळली ती त्या मांडणीवरून. आणि हार्डी यांनी उलट टपाली मागितले ते काय, तर सिद्धता. तू येथवर कसा आलास, ते दाखव. ही मागणी अलौकिक प्रतिभेच्या पुरुषाकडे करणे जर योग्य होते, तर अकरावीतील मुलाकडे करण्यात कसला कठोरपणा आहे? काही लोक उलट असेही सुचवितात, की रामानुजन हे कार यांच्या, बहुतांशी सिद्धतांवाचून नुसती सूत्रे देणाऱ्या ग्रंथावर पोसले गेले, तेव्हा नुसत्या उत्तरांनी काय बिघडते. पण प्रत्येक सूत्र त्यांनी आव्हान म्हणून घेतले आणि त्याची वाट स्वतः शोधली, हे ते विसरतात. उत्तर हाती आल्यावरही ज्याचे काम सुरू राहते, त्याला कोणत्याही उत्तराने अपाय होत नाही.

उत्तर देणाऱ्यांचीही काही जबाबदारी आहे, मग ते शिकवणी-वर्गातील तरुण असोत, स्वेच्छेने मदत करणारे अभियंते असोत, वा यंत्रे घडविणारे असोत. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत या विषयावरील आपल्या छोट्या, विख्यात पुस्तकात अध्यापकांना बजावले होते, की मदत फार देऊ नये आणि फार थोडीही देऊ नये, कामाचा रास्त वाटा विद्यार्थ्याकडे राहू द्यावा. प्रश्नोपनिषदातील पिप्पलादांनी आपल्याकडे आलेल्या सहा जिज्ञासूंना आधी वर्षभर आपल्यापाशी राहण्यास सांगितले, आणि मग हवे ते विचारा म्हटले. आजच्या विद्यार्थ्याला कोणी वर्षाची मुदत घालून देणार नाही. अर्धा तास तरी स्वतः झगडून ये, एवढे म्हणण्याचे धैर्य अध्यापकाने दाखवावे. आणि ज्या मुलाने खरोखर तो अर्धा तास दिला आहे, त्याला तुसडेपणाने परत पाठविणे हे, आयते उत्तर देण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हानिकारक आहे.

माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची गणित आणि भौतिकशास्त्र यांसाठी एक शंकावही असावी, आणि शंका कोणालाही, अध्यापकांना वा यंत्राला, विचारण्यापूर्वी तो त्या वहीत तीन गोष्टी लिहील असा शिरस्ता पडावा: उदाहरणात काय दिले आहे ते स्वतःच्या शब्दांत, आपण कोणत्या पायरीपर्यंत आलो ते, आणि पुढे काय व्हावे असे आपल्याला वाटते व का, ते. तिसरी गोष्ट चुकली तरी हरकत नाही. चुकीचा अंदाज निर्भयपणे लिहिला जाणे हेच तर हवे आहे. आठवड्यातून एक तासिका या वह्यांसाठी राखून ठेवावी. तीत मुलांनी यंत्राकडून मिळालेली उत्तरेही आणावीत आणि ती वर्गापुढे तपासावीत, कारण यंत्र चुकते तेव्हाही ते तितक्याच ठाम स्वरात बोलते, आणि त्या ठामपणापुढे न दबता एककांची, चिन्हांची, टोकाच्या स्थितींची रुजवात घालणे हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लवकर शिकले पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनातील थोडे गुण उत्तम शंकेसाठी ठेवले, तर मुले आणि पालक दोघेही त्याकडे गंभीरपणे पाहतील. वर्गात शंभर मुले असली तर अध्यापकाला सर्व वह्या पाहणे शक्य नाही हा आक्षेप खरा आहे. पण त्याला सर्व वह्या पाहण्याची गरजच पडत नाही, कारण शंभर मुलांच्या मनातील गैरसमज बहुधा मोजक्याच प्रकारचे असतात, आणि प्रत्येक प्रकारातील एक वही फळ्यावर उलगडली की उरलेल्यांना आपापली चूक तेथे सापडते. यासाठी निधी लागत नाही, आणि शासननिर्णयाची वाट पाहण्याचेही प्रयोजन नाही. वेळापत्रकातील एक तासिका इकडची तिकडे करणे ही मुख्याध्यापकांच्या आणि प्राचार्यांच्या अधिकारातील बाब आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणाऱ्या सत्रात ती करता येण्याजोगी आहे.